भर उन्हाळ्यात लोकर आणि कादंबरी, दोन्ही एकदम कोणाला जमतं का?

लिंबू_सरबत
नमस्कार मंडळी. वाळवणं आटोपली (यंदा फक्त कुरडया आणि साबुदाण्याचे पापड, बाकी सगळं विकत), मुलं आजोळी गेली आणि दुपारी एक ते चार असा चक्क रिकामा वेळ मिळालाय, बहुतेक दहा वर्षांनी. पंख्याखाली फरशीवर चटई टाकायची आणि... इथेच गाडी अडते. एका बाजूला वाचनालयातून आणलेली जाडजूड कादंबरी, दुसऱ्या बाजूला पुतणीच्या बाळंतविड्याची लोकर. तिची तारीख नोव्हेंबरची आणि ती असते टोरांटोला, म्हणजे टोपरं, स्वेटर, पायमोजे सगळं ऑक्टोबरच्या आत पोचायला हवं. वाचायला घेतलं की विणायचं राहिलं म्हणून जीव खातो, विणायला बसलं की पुस्तकात जीव अडकतो. सासूबाई म्हणतात मे महिन्यात मांडीवर लोकर घेऊन बसणारी तू एकटीच गं बाई. नवरा म्हणाला दोन्ही एकदम कर की. तो सहज बोलून गेला, मी मात्र दोन दिवस त्यावरच विचार करतेय. हातात सुया आणि समोर पुस्तक असं खरंच कोणी करतं का? आणि कृपा करून ऑडिओ बुक सुचवू नका, मला डोळ्यांनीच वाचायचंय.

टवाळ_कार्टं
ऑडिओ बुक ऐका.

टवाळ_कार्टं
सॉरी, राहवलं नाही.

दोन_सुया
लिंबू, जमतं, पण काय विणतेस त्यावर आहे. नुसते सुलट टाके असतील तर बघावं लागतच नाही, बोटांनाच कळतं. पुढची ओळ सुलट, मागची पण सुलट, डोकं पूर्ण मोकळं. एक ओळ सुलट एक उलट असेल तरी सरावाने जमतं. पण जाळीची वीण किंवा वेणी घातलीस की विसर, तिथे टाके मोजावे लागतात आणि मोजताना वाक्य वाचलं की दोन्ही गेलं. मी बाळाची शाल पुस्तक वाचत विणते आणि टोपरं टीव्ही बंद करून. टोपऱ्याला टाके कमी करायचे असतात ना.

नागपुरी_संत्रा
पहिले हे सांगा बाप्पा की लोकर मांडीवर घेऊन बसता कशा? आमच्याकडे ४५ च्या वर पारा गेला की अंगावरचा सुती पंचा नको वाटते. कूलर लावला तर हवा दमट होते, पुस्तकाची पानं अशी लाटा लाटा होतात नं, वाचनालयवाले म्हणतात पाण्यात पाडलं का. कूलर नाही लावला तर घामाने सुया हातातून सटकतात.

दोन_सुया
@नागपुरी_संत्रा घामावर उपाय आहे. जुन्या ॲल्युमिनियमच्या सुया असतील तर बदला, घाम लागला की त्यांचा करडा रंग बोटांना आणि पांढऱ्या लोकरीला लागतो, माझं एक पांढरं झबलं त्यात राखाडी झालंय. बांबूच्या सुया घ्या, त्या घसरत नाहीत. हाताला थोडी टाल्कम पावडर लावा. आणि गोळा मांडीवर नको, शेजारी पातेल्यात ठेवायचा. पातेल्यात गोळा गरगर फिरतो, पळत नाही, मांजरालाही मिळत नाही.

चिंचगुळ
आणि आंबा खाऊन हात साबणाने धुवा. अनुभवाचे बोल. आमरसाचा डाग लोकरीवरून जात नाही, पुस्तकावरून तर मुळीच नाही. आमच्या वाचनालयातल्या एका पुस्तकात पान ११२ वर पिवळं बोट आहे. ते माझं नाही.

कोथरूडचे_आबा
मला या धाग्याच्या, म्हणजे या चर्चेच्या, मूळ विचारावरच आक्षेप आहे. वाचताना वाचावं, विणताना विणावं. आजकाल सगळ्यांनाच सगळं एकदम करायचं असतं. जेवताना फोन, चालताना गाणी, आणि आता वाचताना स्वेटर. मी निवृत्त झाल्यापासून रोज दुपारी दोन तास वाचतो, हातात फक्त पेन्सिल असते. एक वाक्य आवडलं तर थांबून पुन्हा वाचता आलं पाहिजे. हात कामात असले की माणूस पुढे पुढेच जातो. लिंबूताई, तुम्ही दीड तास वाचा, दीड तास विणा, प्रश्न मिटला.

घोळदार
आबा, तुमच्या हातात पेन्सिल असते कारण चहा कोणीतरी आणून देतं :)

कोथरूडचे_आबा
@घोळदार चहा मी स्वतः करतो. दोघांचा करतो. पण मुद्दा पोचला.

खारीक_खोबरं
आबांचं अर्धं पटलं. पण आमच्या आजीचं सांगते. देवळात चातुर्मासात पुराण असायचं, सगळ्या बायका जायच्या आणि एकीचाही हात रिकामा नसायचा. लाखाच्या वाती वळायचं व्रत असायचं, समोर बुवा सांगताहेत आणि मांडीवर कापूस. कान तिकडे हात इकडे. उलट आजी म्हणायची हात चालले की मन जाग्यावर राहतं, नुसतं बसलं की डुलकी लागते. तेव्हा हे आजकालचं फॅड नाही. मग ऑडिओ बुक ऐकत विणणं म्हणजे तेच की नाही?

लिंबू_सरबत
खारीक, मी सांगितलं होतं ऑडिओ नको :(

कोथरूडचे_आबा
खारीकताई, एकच विचारतो. आजी घरी येऊन काय म्हणायच्या, "आज अमुक अध्याय ऐकला" की "आज वाचला"?

खारीक_खोबरं
...ऐकला म्हणायची. आबा तुम्ही वकील होता का?

कोथरूडचे_आबा
शिक्षक.

बॉस्टनची_बाकरवडी
विषय काढलाच आहे तर बाळंतविडा करणाऱ्या सगळ्यांना एक सावधगिरीची सूचना, माझी फजिती ऐका. रॅव्हलरीवरून (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, विणकामाचे नमुने आणि गप्पा असलेली वेबसाईट, २००७ पासून आहे) एक टोपऱ्याचा नमुना घेतला, आईला पुण्याला पाठवला. त्यात लिहिलं होतं ८ नंबरची सुई. आईने आपली ८ नंबर घेतली. आता गंमत अशी की आपल्याकडे जुने ब्रिटिश नंबर चालतात, त्यात नंबर वाढला की सुई बारीक होते, आणि अमेरिकेत नंबर वाढला की सुई जाड होते. आपली ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, अमेरिकन ८ म्हणजे ५ मिलिमीटर. आईचं टोपरं एवढुसं झालं, बाहुलीला बसेल असं. मग मी शहाणपणा करून उलट केलं. आईच्या जुन्या वहीतला १० नंबरचा नमुना मी इथल्या १० नंबरच्या सुईवर विणला. आपली १० म्हणजे सव्वातीन मिलिमीटर आणि इथली १० म्हणजे सहा! तीन महिन्यांच्या बाळाचं टोपरं सासऱ्यांना बसलं. ते घालून फिरायलाही जातात. तेव्हा नंबर बघू नका, मिलिमीटर बघा. आणि आधी १० सेंटिमीटरचा चौकोन विणून टाके मोजा.

टवाळ_कार्टं
सासऱ्यांचा बाळंतविडा. हहपुवा (हसून हसून पुरेवाट).

लिंबू_सरबत
अगं बाकरवडी देवासारखी धावलीस, पुतणीने मला तिकडचाच नमुना पाठवलाय!! ६ नंबर लिहिलंय.

बॉस्टनची_बाकरवडी
तिकडची ६ म्हणजे आपली ८. चार मिलिमीटर. कॅनडात मात्र जुने ब्रिटिश नंबरही वापरात होते त्यामुळे नमुना कुठला आहे ते विचारून घे.

मेल्बर्नची_मैना
मी उलट्या गोलार्धातून हजेरी लावतेय. तुमचा उन्हाळा म्हणजे माझी थंडी, आत्ता हीटरपाशी बसलेय आणि धागा वाचून मजा वाटतेय. माझा अनुभव, थंडीत विणायला घेतलं की स्वेटर पूर्ण होईपर्यंत थंडी संपते. त्यामुळे मी डिसेंबर-जानेवारीच्या उन्हाळ्यातच विणते. सासूबाईंना सांग, शहाणी बाई उन्हाळ्यातच विणते. पापड नाही का आपण उन्हाळ्यात करतो आणि पावसाळ्यात खातो.

लिंबू_सरबत
मैना, हे वाक्य जसंच्या तसं सासूबाईंना ऐकवलं. म्हणाल्या "पापडाला घाम येत नाही."

नागपुरी_संत्रा
सासूबाईंचा आयडी काढून द्या हो इथे, धाग्याची रंगत वाढेल.

इचलकरंजीकर
लोकरीची लई चर्चा झाली, सुताचं कोण बोलंना. उन्हाळ्यात सुती दोऱ्याचं विणा की. बाळंतविड्याला नाही म्हणत, टोरांटोच्या थंडीत सुती घालून काय करायचं पोरानं. पण हात बसवायला रुमाल, भांडी धुवायचं फडकं, पिशवी. फक्त एक लक्षात ठेवा, सुताला लोकरीसारखा लवचिकपणा नसतोय. लोकर ओढली तर परत जागेवर येते, सूत ताणलं की ताणलंच. सुती पिशवीत दोन किलो कांदे घातले की पिशवी गुडघ्यापर्यंत येते. घट्ट विणा. दुसरं म्हणजे आपण ज्याला लोकर म्हणतो ती बाजारातली बहुतेक ॲक्रिलिकच असते, मेंढीचा काही संबंध नाही. घाम शोषत नाही म्हणून उन्हाळ्यात हाताला चिकचिक होतंय.

चिंचगुळ
सुती म्हणताय तर क्रोशाला विसरू नका. साखळी, खांब, मुका खांब, एवढे टाके आले की झालं. एकच सुई, एक हात जवळजवळ मोकळा, पान उलटायला बरं. आमच्या घरी क्रोशाने काय काय झाकलं होतं ते आठवा: टीव्ही, रेडिओ, फोन, पाण्याचा माठ, फ्रिजचं हँडल. माझ्या रुखवतात क्रोशाचा मोर होता. पंचवीस वर्षं ट्रंकेत आहे बिचारा, डांबराच्या गोळ्यांबरोबर.

घोळदार
आमच्याकडे बाळकृष्णाला लोकरीचा स्वेटर आहे, टोपीसकट. तो एकटाच घरात मापाचा स्वेटर घालतो.

आजोबांची_वही
थोडं गंभीर लिहितो. १९६२ च्या युद्धाच्या वेळी माझी आई सातवीत होती. शाळेत मुलींना लोकर वाटली होती, जवानांसाठी मफलर विणायला. ती सांगते की मधल्या सुट्टीत सगळ्या विणायच्या आणि एक मुलगी वर्तमानपत्र मोठ्याने वाचायची. आळीपाळीने. म्हणजे एकीने वाचायचं, बाकीच्यांनी विणायचं. मूळ प्रश्नाला हे उत्तर होऊ शकतं का? घरात कोणी वाचून दाखवणारं असेल तर. आईला आता नीट दिसत नाही, विणणं सुटलं, तर मीच तिला दुपारी वाचून दाखवतो. तिचे हात मात्र अजून हलतात, पदराची टोकं गुंडाळत बसते.

दोन_सुया
किती सुरेख लिहिलंत. त्यांना जाड लोकर आणि जाड सुया देऊन बघा ना. ६ मिलिमीटरच्या वगैरे. बोटांना टाका लागतो, डोळे लागत नाहीत. चुकलं तर चुकलं.

आजोबांची_वही
हे सुचलंच नव्हतं. बघतो.

ठाण्याची_ठकू
पुस्तक समोर उघडं कसं ठेवायचं हा खरा तांत्रिक प्रश्न आहे आणि त्यावर कोणी बोललंच नाही! हात सुयांत असताना पुस्तक मिटतं. हल्लीची पुस्तकं नुसती गोंदाने चिकटवलेली असतात, सपाट उघडत नाहीत, जबरदस्ती केली की कणा मोडतो आणि पानं हातात. शिवलेली बांधणी असेल तर मस्त सपाट राहतं. वाचनालयाच्या पुस्तकाचं तिसरंच, ते पुन्हा बांधताना कडेने टोचून शिवतात, मग प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द शिवणीत. मी तर असले शब्द अंदाजाने वाचते. माझा उपाय: पानांवर पारदर्शक प्लास्टिकची पट्टी आडवी ठेवायची, दोन्ही टोकांना कपड्याचे चिमटे.

खारीक_खोबरं
ठवणी! पोथीची ठवणी! लाकडी, घडीची, फुलीसारखी उघडते ती. आजीची माळ्यावर आहे. लिंबू, तुमच्याकडे पण असणार, सासूबाईंना विचार.

टवाळ_कार्टं
किंडल घ्या आणि नाकाने पान उलटा. मी जेवताना करतो.

ठाण्याची_ठकू
@टवाळ_कार्टं मी कोपराने करते, हसू नकोस. अक्षर मोठं करून ठेवलं की लांबूनही वाचता येतं. पण लिंबूने वाचनालयाचं पुस्तक आणलंय. अवांतर, आमचं ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ चं आहे, मुंबईच्यापेक्षा पाच वर्षांनी मोठं. जाता जाता सांगून ठेवलं.

गोदाकाठी
१८९३? लहान आहे हो अजून. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं.

रत्नांग्रीचो_माणूस
नाशिककर, बसा खाली. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८.

टवाळ_कार्टं
आता कोणीतरी येऊन सांगणार त्यांचं वाचनालय ज्ञानेश्वरांच्या काळातलं आहे.

पाचगणी_परत
वाचनालयांवरून आठवलं. आम्ही मागच्या मे मध्ये भिलारला गेलो होतो, पुस्तकांचं गाव, २०१७ साली सुरू झालेलं. पाचगणीच्या जवळ, स्ट्रॉबेरीवाल्यांचं गाव. घराघरांत विषयवार पुस्तकं ठेवलीत, आत जायचं, बसायचं, वाचायचं, कोणी हटकत नाही. हवा गार. मी पिशवीतून सुया काढल्या तर त्या घरच्या काकू येऊन शेजारी बसल्या आणि माझी वीण बघायला लागल्या. दीड तास गप्पा. पुस्तकाची सहा पानं झाली. म्हणजे तात्पर्य, वाचन आणि विणकाम एकदम जमतं, पण विणकाम आणि दुसरी विणणारी बाई शेजारी असेल तर वाचन जमत नाही.

कोथरूडचे_आबा
एक कबुली देतो. हा धागा वाचून सौभाग्यवतींनी माझ्या हातात सुया दिल्या. टाके त्यांनी घालून दिले, वीस. मी नुसते सुलट विणतोय. तीन दिवसांत वीसाचे सव्वीस झाले. हे कसे वाढतात? मी काहीच केलं नाही.

दोन_सुया
आबा :D कडेचा पहिला टाका विणताना दोरा सुईवरून मागे जातोय, त्यामुळे एका टाक्याचे दोन दिसतात आणि तुम्ही दोन्ही विणता. दोरा आधी खाली घ्या. दर ओळीनंतर मोजा. आणि टाका सुटला तर घाबरू नका, क्रोशाच्या सुईने एकेक पायरी वर चढवता येतो.

घोळदार
आबा, वाचताना विणताय की विणताना विणताय?

कोथरूडचे_आबा
विणताना विणतोय. तत्त्वावर ठाम आहे. सत्तावीस झाले.

बॉस्टनची_बाकरवडी
आबा लाजू नका, पेरूमध्ये टिटिकाका सरोवरात टकीले नावाचं बेट आहे, तिथे पुरुषच विणतात, मुलगे लहानपणीच शिकतात. २००८ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलीय ती कला. त्यांच्या टोप्यांच्या विणीवरून लग्न झालंय की नाही ते कळतं म्हणे.

टवाळ_कार्टं
आबांच्या विणीवरून आत्ताच कळतंय.

चिंचगुळ
लिंबू गेली कुठे? धागा काढून पळाली.

लिंबू_सरबत
आले आले. मुलं परत आली त्यामुळे एक ते चारचं स्वप्न संपलं, पण तीन आठवड्यांत काय झालं ते सांगते. ठवणी मिळाली! सासूबाईंच्याच ट्रंकेत, त्यांच्या आईची, एक बाजू वाळवीने खाल्लेली पण उभी राहते. सपाट पान, वर ठकूची पट्टी. पहिले दोन दिवस दर चार टाक्यांनी खाली बघत होते, धड हे नाही धड ते नाही. तिसऱ्या दिवशी अचानक लक्षात आलं की अख्खं पान संपलंय आणि विणीची ओळही संपलीय. मग तसंच जमत गेलं, पान उलटायचं आणि ओळ उलटायची साधारण एकाच वेळी यायला लागलं, त्यामुळे ओळी मोजायलाही पानांचेच आकडे धरले.

शाल झाली, नुसती सुलट. टोपरं वेगळं बसून केलं, दोन_सुयाने सांगितल्याप्रमाणे. स्वेटरची पाठ झालीय. एक घोळ झाला, लोकर कमी पडली आणि दुसरी गुंडी आणली ती वेगळ्या लॉटची, म्हणजे वेगळ्या खेपेला रंगवलेली, निघाली, दुकानात सारखीच दिसत होती, घरी आल्यावर उजेडात पट्टा दिसतोय. दुकानदाराचा दोष नाही, लेबलवर लॉट नंबर असतो तो मीच बघितला नाही. आता बाह्या दुसऱ्या लॉटच्या करणार, म्हणजे मुद्दाम केल्यासारखं दिसेल.

आबांचा मुद्दा खरा आहे हेही सांगते. मागे जाऊन पुन्हा वाचायचं राहून जातं. म्हणून ती जाड कादंबरी मी शेवटी सुया बाजूला ठेवूनच वाचली, आणि विणताना एक जुनी रहस्यकथा घेतली. तरी शालीत एका जागी सुलटचे चार टाके उलट झालेत. ते उसवले नाहीत. तिथे खून झाला होता.

दोन_सुया
तसेच ठेव. अजिबात उसवू नकोस.

आजोबांची_वही
आमच्याकडेही बातमी आहे. जाड सुया आणल्या. आईने न बघता टाके घातले, मी मोजले, चोवीस. काय विणतेस विचारलं तर म्हणाली, मफलर, दुसरं काय.

नागपुरी_संत्रा
वा! आणि लिंबूताई, ते राहिलंच. खून केला कोणी?

लिंबू_सरबत
नाही सांगता येत. कोणाचं तरी नाव होतं पण शेवटचा शब्द शिवणीत गेलाय.

ठाण्याची_ठकू
अंदाजाने वाच.

लिंबू_सरबत
अंदाजाने सासूबाई म्हणतात दिवाणजी. त्यांनी पण वाचलं, मी विणायला घेतलं की ठवणीच्या पलीकडून उलटं.